कळलावी : ओळख, उपयोग आणि लागवड

श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या उतारांवर, कोकणातील कुंपणांवर आणि सातपुड्याच्या रानकडेने लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले झुडपांच्या माथ्यावर डोलताना दिसतात. ती कळलावीची फुले होत. हा वेल बहुतेक शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. परंतु कोणी तो विषारी म्हणून दिसेल तेथे उपटून टाकतो, तर कोणी तो औषधी आहे असे ऐकून त्याचे कंद खणून विकतो. दोन्ही प्रकारांत वेलाचा नाश होतो आणि खणणाऱ्याच्या पदरीही फारसे काही पडत नाही. कळलावीचे मोल मुख्यतः तिच्या बियांत आहे. कंद हे तिचे बेणे होय. बी घ्यावे, कंद जमिनीत राखावा आणि दोहोंपैकी काहीही माणसाच्या वा जनावराच्या पोटात जाऊ देऊ नये, हे तीन नियम पाळले तर हा वेल डोंगराळ भागातील शेतकऱ्याला उपयोगी पडू शकेल. ते पाळले नाहीत तर तो प्राणघातक ठरतो. यास्तव या वनस्पतीची नीट माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

नावे व ओळख

मराठीत ‘कळ’ या शब्दाचे वेदना आणि भांडण असे दोन अर्थ आहेत व कळलावीच्या नावाला दोन्ही चिकटले आहेत. ती प्रसूतीच्या कळा आणते असा पूर्वीचा समज होता. तिचे फूल घरात आणले तर घरात भांडणे होतात, असेही पुष्कळ गावांत मानतात. दुसरा समज निराधार असला तरी त्यामुळे हे फूल मुलांच्या हातांपासून दूर राहिले, हा त्याचा एक फायदाच म्हणावयाचा. काही भागांत हिला खड्यानाग म्हणतात. कोठेकोठे तिला बचनागही म्हणतात, ते मात्र चुकीचे आहे. खरा बचनाग हिमालयातील निराळी वनस्पती असून तिचे विषही निराळे आहे. या नामसादृश्यामुळे औषध घेताना घोटाळा होण्याचा संभव असतो, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.

संस्कृतात हिला लांगली, कलिहारी व अग्निशिखा ही नावे आहेत. लांगल म्हणजे नांगर. जमिनीतील कंद दोन बाजूंना फुटलेला, वाकडा व नांगरासारखा दिसतो, त्यावरून हे नाव पडले. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. पूर्वी हिचा समावेश लिलीच्या कुलात करीत. आता ती कॉल्चिकेसी कुलात गणली जाते. तमिळनाडूने हिला आपले राज्यपुष्प मानले आहे, तर आफ्रिकेतील झिंबाब्वे देशाचे ते राष्ट्रीय पुष्प आहे.

वेलाची सर्वांत सोपी खूण म्हणजे तिची पाने. पानाचे टोक बारीक होत जाऊन स्प्रिंगसारखे वळलेले असते व त्यानेच वेल शेजारच्या झुडपाला धरून वर चढतो. असे टोक असलेले पान आणि जमिनीत नांगरासारखा कंद, या दोन खुणा जुळल्या तर ओळखण्यात चूक होणार नाही.

आढळ व जीवनक्रम

ही वनस्पती भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया आणि आफ्रिकेचा उष्ण प्रदेश एवढ्या विस्तृत भूभागावर आढळते. महाराष्ट्रात सह्याद्रीचे उतार, कोकण व विदर्भ आणि सातपुड्याची पानझडी राने हे तिचे घर होय. दाट सावलीत ती रमत नाही. रानाची कड, कुंपण, बांध व दगडगोट्यांचा उतार अशा जागी, जेथे पाण्याचा निचरा होतो आणि चढण्यास झुडूप मिळते, तेथे ती जोमाने वाढते.

तिचा जीवनक्रम पावसाला बांधलेला आहे. मृगाच्या पावसानंतर कंदाच्या टोकाचा डोळा फुटून कोंब वर येतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुले येतात, त्यानंतर शेंगेसारखी लांबट बोंडे धरतात व पावसाळा संपल्यावर ती पक्व होतात. पुढे वेल वाळून जातो आणि उन्हाळाभर कंद जमिनीत निजून राहतो. वेलाच्या वाढीच्या काळात जुना कंद झिजून जातो व त्याच्या जागी नवा दुहेरी कंद तयार होतो. म्हणजे वेल वर्षानुवर्षे त्याच जागी जगतो, परंतु त्याचे सारे भांडवल दरवर्षी एकाच कंदात साठलेले असते. तो कंद काढला की पुढील वर्षी त्या जागी काहीच उगवत नाही.

फुलाची रचनाही विशेष आहे. सहा पाकळ्या मागे व वर वळलेल्या असतात आणि त्यांच्या कडा नागमोडी असतात. फूल उमलते तेव्हा हिरवट पिवळे असते, नंतर टोकाकडून लाल होत जाते व शेवटी संपूर्ण तांबडे होते. स्त्रीकेसर तळाशीच काटकोनात एका बाजूला वळलेला असल्याने फुलाचा पराग त्याच फुलाच्या स्त्रीकेसरावर सहसा पडत नाही. परागीभवनासाठी फुलपाखरे व इतर कीटक यांची गरज लागते. रानात फुले पुष्कळ आणि बोंडे थोडी, असे जे दिसते त्याचे एक कारण हेच. लागवडीत या गोष्टीचा विचार करावा लागतो. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

कोकणात व गोव्यात गौरी-गणपतीच्या दिवसांत ही फुले ऐन बहरात असतात. गोव्यात गणपतीवर बांधण्यात येणाऱ्या माटोळीतही रानफुले-फळांबरोबर हिला स्थान असते. ही प्रथा सोडण्याचे कारण नाही. मात्र फुले व वेल मुलांच्या हाती देऊ नयेत, आणि निर्माल्य गुरांच्या गव्हाणीत वा उकिरड्यावर न टाकता पुरावे.

विष आणि औषध

कळलावीच्या सर्व भागांत कॉल्चिसिन नावाचे द्रव्य असते. कंदापेक्षा बियांत त्याचे प्रमाण अधिक असते. हे द्रव्य १८२० मध्ये पेलेतिए व काव्हाँतू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी युरोपातील एका तत्सम कंदवर्गीय वनस्पतीतून प्रथम वेगळे केले. शरीरातील पेशींचे विभाजन थांबविणे हा त्याचा मुख्य गुणधर्म होय. याच गुणामुळे ते विष ठरते आणि याच गुणामुळे त्याचे उपयोगही आहेत.

गाऊट नावाच्या सांध्यांच्या तीव्र दुखण्यावर कॉल्चिसिनच्या अत्यल्प मात्रेच्या गोळ्या डॉक्टर देतात. २०२३ मध्ये अमेरिकेत हृदयविकाराच्या काही रुग्णांसाठीही अल्प मात्रेत त्याच्या वापरास मान्यता मिळाली. कळलावीच्या बियांतील एका संबंधित द्रव्यापासून स्नायूंचा ताठरपणा कमी करणारे थायोकॉल्चिकोसाइड हे औषध बनवितात. बियांना जी मागणी आहे ती मुख्यतः या औषधांच्या निर्मितीसाठी.

शेतीशीही या द्रव्याचा जवळचा संबंध आहे. १९३७ मध्ये ब्लेकस्ली व एव्हरी यांनी दाखवून दिले की, कॉल्चिसिनच्या प्रक्रियेने वनस्पतीच्या पेशीतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते. बिनबियांचे कलिंगड याच मार्गाने निर्माण झाले. प्रथम कॉल्चिसिनने गुणसूत्रे दुप्पट केलेला वेल तयार करतात, मग त्याचा साध्या वेलाशी संकर करतात. त्या संकरित बियांपासून येणाऱ्या फळात बी धरत नाही. ज्या वेलाला शेतकरी बांधावरून उपटून टाकतो, त्याच्या अंगच्या द्रव्याने बाजारातील एक फळ असे बदलले आहे.

आयुर्वेदात लांगलीची गणना उपविषांत केली आहे. गोमूत्रात ठेवून शोधन केल्यावाचून वैद्य ती वापरीत नाहीत. कायद्यानेही तिचा समावेश वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाच्या विषारी द्रव्यांच्या यादीत केला आहे. यावरून एवढे स्पष्ट व्हावे की, हा घरगुती औषधाचा विषय नव्हे. प्रसूती सुलभ व्हावी म्हणून कंद उगाळून लावण्याची किंवा पोटात देण्याची जी जुनी प्रथा काही भागांत होती, ती पूर्णपणे बंद झाली पाहिजे. तिच्यात माता व मूल दोघांच्याही जीवाला धोका आहे. प्रसूतीसाठी आरोग्य केंद्र गाठणे हाच खरा उपाय होय.

विषबाधा : लक्षणे व उपाय

कळलावीची विषबाधा बहुधा अजाणतेपणी होते. पावसाळ्याच्या सुरुवातीस रानभाज्या व रानकंद गोळा करताना हिचा कंद रताळ्यासारख्या खाण्याच्या कंदात मिसळला जातो. शिजविल्याने किंवा वाळविल्याने हे विष नाहीसे होत नाही, म्हणून “चांगले उकडले आहे” ही खात्री येथे कामाची नाही.

खाल्ल्यानंतर काही तासांपर्यंत कोणतेच लक्षण दिसत नाही. नंतर तोंड व घशात जळजळ, मळमळ, वारंवार उलट्या आणि पटकीसारखे जुलाब सुरू होतात. एक-दोन दिवसांत उलट्या-जुलाब कमी होऊन रोग्याला बरे वाटू लागते. हा काळ फसवा असतो. याच सुमारास मूत्रपिंड, यकृत, हृदय व रक्त यांवर विषाचा परिणाम होत असतो. जे वाचतात त्यांचे केस पुढील दोन आठवड्यांत गळू लागतात; ते बहुधा पुन्हा येतात.

या विषावर सर्वत्र उपलब्ध असा उतारा नाही. रोग्याला लवकर रुग्णालयात नेणे व तेथे देखरेखीखाली ठेवणे यावरच सारे अवलंबून असते. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात :

१. कंद, बी वा पान खाल्ल्याचा नुसता संशय असला, तरी लक्षणांची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

२. खाल्लेल्या वनस्पतीचा उरलेला भाग, वेल वा कंद, डॉक्टरांना दाखविण्यासाठी बरोबर न्यावा.

३. मिठाचे पाणी, ताक, तूप असे घरगुती उपाय करण्यात वेळ दवडू नये.

४. त्याच जेवणात जे जे बसले होते त्या सर्वांना तपासणीसाठी न्यावे.

गुरे सहसा या वेलाला तोंड लावीत नाहीत. परंतु बांधावरचे गवत कापताना वेल त्यात मिसळला तर तो पोटात जाऊ शकतो. वैरण कापण्यापूर्वी बांध पाहून घ्यावा.

रानातील कंद का राखावेत

बियांपासून कळलावीची वाढ फार सावकाश होते. बी रुजण्यास काही महिने लागतात आणि रोपाला फूल येईपर्यंत तीन ते चार वर्षे जातात. उलट, डोळा असलेला कंद लावला तर त्याच पावसाळ्यात फूल येते. यावरून रानातील एक कंद खणणे म्हणजे किती वर्षांची वाढ खर्ची घालणे, याचा अंदाज येईल. शिवाय घाईने खणताना कंदाचे टोक मोडते. एका फांद्यावर एकच डोळा असतो व तो टोकालाच असतो. टोक मोडलेला कंद बेणे म्हणून निरुपयोगी ठरतो, आणि औषधासाठी त्याचे मोल बियांहून कमी.

वनहक्क कायदा २००६ अन्वये ज्या ग्रामसभांना गौण वनोपजाचे हक्क मिळाले आहेत, त्यांनी आपल्या हद्दीत कळलावीचे कंद न खणता पक्व बोंडेच गोळा करण्याचा ठराव करणे हितावह होईल. बोंडे गोळा करतानाही सर्वच न तोडता काही वेलांवर राखावीत, म्हणजे नवी रोपे येत राहतील.

लागवड

देशात या पिकाची पद्धतशीर लागवड मुख्यतः तमिळनाडूत, दिंडिगल, करूर, तिरुप्पूर या जिल्ह्यांच्या कोरड्या भागात होते. तेथील अनुभवावर पुढील माहिती आधारलेली आहे.

जमीन व हवामान : तांबडी, पोयट्याची, उत्तम निचऱ्याची जमीन निवडावी. भारी काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत कंद कुजतात. सुमारे ७० सेंटिमीटर पाऊस चांगला विभागून पडला तर तो पुरेसा होतो. कोकणासारख्या अतिवृष्टीच्या भागात उताराची जागा व उंच सरी-वरंबे असल्यावाचून लागवड करू नये.

बेणे : सुमारे ५० ते ६० ग्रॅम वजनाचे, डोळा शाबूत असलेले निरोगी कंद घ्यावेत. दुहेरी कंद दुबेळक्यात हलक्या हाताने वेगळा केल्यास त्याची दोन बेणी होतात. कंद अतिशय ठिसूळ असल्याने ते पोत्यात भरून न आणता उथळ टोपलीत, वाळूच्या थरात ठेवून आणावेत. लावणीपूर्वी ट्रायकोडर्माची बेणेप्रक्रिया केल्यास कुजण्याचे प्रमाण घटते. बेणे लागवड करणाऱ्या शेतकऱ्याकडूनच घ्यावे. रानातून खणून आणू नये.

लावणी : जमीन दोन-तीन वेळा नांगरून, हेक्टरी सुमारे १० टन कुजलेले शेणखत घालून सरी-वरंबे काढावेत. जून-जुलैत कंदांना कोंब फुटू लागताच ६० सेंटिमीटर × ४५ सेंटिमीटर अंतरावर, ६ ते ८ सेंटिमीटर खोल, डोळ्याला धक्का न लावता कंद आडवे ठेवावेत व मातीने झाकावेत. या अंतराने एका गुंठ्यास सुमारे ३७० कंद, म्हणजे २० किलोच्या आसपास बेणे लागते. हेक्टरी हाच आकडा २ टनांवर जातो. पिकाचा सर्वांत मोठा खर्च हा बेण्याचा असल्याने पहिल्या वर्षी एक-दोन गुंठ्यांपलीकडे जाऊ नये. तेच कंद पुढे चार-पाच वर्षे त्याच जागी राहून उत्पन्न देतात.

आधार : वेल वीतभर वाढताच त्याला आधार द्यावा. कारवीच्या किंवा बांबूच्या काठ्या, ताणलेली तार किंवा ओळीने लावलेली झुडपे यांपैकी जे स्वस्त मिळेल ते चालते. कोवळा शेंडा मोडला तर त्या वेलाचे त्या वर्षीचे उत्पन्न बुडते, म्हणून वारा लागण्याच्या जागी हे काम लांबवू नये.

पाणी व निंदणी : पावसाने ओढ दिल्यास हलके पाणी द्यावे. फुलोऱ्यात जमीन अगदी कोरडी पडू देऊ नये, तसेच पाणीही साचू देऊ नये. निंदणी हाताने करावी. खोल खुरपणीने नवे कंद दुखावतात.

हाताने परागीभवन : स्त्रीकेसर बाजूला वळलेला असल्याने केवळ कीटकांवर विसंबल्यास बोंडे कमी धरतात. यासाठी सकाळी ८ ते ११ च्या दरम्यान, नव्याने उमललेल्या फुलांच्या स्त्रीकेसराच्या टोकावर दुसऱ्या वेलाच्या फुलाचा पराग मऊ कुंचल्याने लावावा. हे काम फुलोरा संपेपर्यंत रोज करावे लागते. घरातील किती माणसे एवढा वेळ देऊ शकतील, हे पाहूनच क्षेत्र ठरवावे.

कीड व रोग : काळ्या अंगावर पांढरे व तांबडे ठिपके असलेली लिलीवरची अळी पाने खाऊन टाकते. ती सहज दिसते; हातमोजे घालून वेचून नष्ट करावी. दमट हवेत पानांवर करपा येतो, तर पाणी साचल्यास कंद कुजतात. रोगट पाने व कंद काढून जाळावेत आणि फवारणीपूर्वी कृषी विद्यापीठाचा किंवा कृषी विभागाचा सल्ला घ्यावा.

काढणी : लावणीनंतर सुमारे १६० ते १८० दिवसांनी बोंडे पक्व होतात. बोंडाची साल सैल व सुरकुतलेली होऊ लागली की ती तोडावीत. उकलण्याची वाट पाहिल्यास बी सांडते. बोंडे सावलीत पसरून, उकलल्यावर नारिंगी-लाल बी वेगळे करावे व ते १० ते १५ दिवस सावलीत वाळवावे. सालीलाही बाजार असल्याने ती निराळी ठेवावी. चांगली निगा राखलेल्या पिकात हेक्टरी २०० ते २५० किलो, म्हणजे गुंठ्यास २ ते अडीच किलो वाळलेले बी मिळते.

हाताळताना घ्यावयाची काळजी : बी सोलताना व पाखडताना हातमोजे घालावेत, नाका-तोंडाला फडके बांधावे आणि काम संपताच हात साबणाने धुवावेत. या कामाची सुपे, टोपल्या व चादरी स्वयंपाकात वा धान्यासाठी वापरू नयेत. ज्या अंगणात मुले खेळतात व कोंबड्या चरतात तेथे बी वाळवू नये. लाल बी मुलांना आकर्षक वाटते, हे विसरू नये. वाळलेले बी घट्ट झाकणाच्या डब्यात, ‘विष’ असे ठळक लिहून, कुलुपात ठेवावे. गरोदर स्त्रियांना या कामावर लावू नये.

विक्री

कळलावीचे बी गावच्या बाजारात विकले जाणारे नव्हे. त्याचे ग्राहक म्हणजे औषधद्रव्ये काढणारे कारखाने व त्यांचे खरेदीदार. त्यांची संख्या थोडी असते आणि भावात मोठे चढउतार होतात. खाता येत नाही व गुरांनाही घालता येत नाही, असे हे पीक असल्याने न विकलेला माल घरात पडून राहणे म्हणजे नुकसान आणि धोका दोन्ही. म्हणून लावणीपूर्वीच खरेदीदाराशी लेखी करार करावा आणि बियांचा ओलावा व कॉल्चिसिनचे प्रमाण यांविषयीच्या त्याच्या अटी समजून घ्याव्यात. २००० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने कळलावीचा समावेश प्राधान्याच्या वनस्पतींत केला होता. सध्या कोणती मदत मिळू शकते याची चौकशी तालुका कृषी कार्यालयात करावी.

ज्या शेतकऱ्याजवळ निचऱ्याची जमीन, घरची माणसे व ठरलेला ग्राहक या तिन्ही गोष्टी आहेत, त्याने गुंठाभर क्षेत्रात हे पीक घेऊन पाहण्यास हरकत नाही. या तिन्हींपैकी एकाचीही उणीव असेल, तर बांधावरच्या वेलाचे रक्षण करून त्याचे बी पुढील रोपांसाठी राखावे, एवढेच पुरे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वीच्या ग्रामसभेत, शाळेत व महिला मंडळाच्या बैठकीत या वेलाचे पान व कंदाचे चित्र दाखवून त्याची ओळख करून द्यावी. रानभाज्या काढावयास जाणाऱ्या प्रत्येक घरी ही ओळख पोहोचली पाहिजे. पानाच्या वळलेल्या टोकावरून ज्याला हा वेल ओळखता येतो, तो त्याचा कंद भाजीच्या टोपलीत घालणार नाही आणि तो उपटूनही टाकणार नाही.